सात आठवड्यांची चोरी

टाचणीने आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि तीही जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या तोंडात घास असताना. "मला दिवस गेलेत," ती म्हणाली. "सातवा आठवडा चालू आहे." पहिलं वाक्य शंभर टक्के खरं होतं. दुसऱ्यात तिने सात आठवडे ढापले होते. खरा आठवडा होता चौदावा.

नवऱ्याच्या हातातला चमचा खाली पडला. तो उचलायला म्हणून तो टेबलाखाली गेला आणि बराच वेळ वर आलाच नाही. काय गंमत आहे ते बघायला चार वर्षांची लेकही खाली गेली. सासूबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे एकदा नीट पाहिलं, "सातवा का? बरं," म्हणाल्या आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

टाचणी हे अर्थातच तिचं कागदोपत्री नाव नव्हे. ओठांत चार टाचण्या धरल्याशिवाय तिला काम सुचायचं नाही, म्हणून लग्नानंतर आठवड्याभरात सासूबाईंनी ते ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पोस्टमनही तिला त्याच नावाने हाक मारू लागला. सासूबाई साऱ्या गल्लीच्या मास्तरीणबाई. खाली शिवणकामाचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, मध्ये सतरा पायऱ्यांचा अरुंद जिना. मास्तरीणबाई कापड बेतायच्या, टाचणी शिवायची, आणि काजवाल्या मावशी खिडकीपाशी बसून काजं करणं, बटणं लावणं आणि गल्लीवर नजर ठेवणं ही तिन्ही कामं एकाच वेळी करायच्या. टाचणीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणायचे, आणि रागावली की टाचणीसुद्धा.

आता ही थाप का, ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी लेक जन्माला आली ती तिसाव्या आठवड्यात, ठरल्या वेळेच्या दहा आठवडे आधी. वजन एक किलो दोनशे ग्रॅम. हिरव्या कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन कुणीतरी धावत खोलीबाहेर गेलं, एवढंच टाचणीने पाहिलं. तिसऱ्या दिवशी काचेच्या पेटीच्या भोकातून तिने लेकीला एका बोटाने हात लावला. मांडीवर मिळाली ती एकोणिसाव्या दिवशी, आणि घरी आली बावन्नाव्या. तिचं नाव घाईबाई पडलं ते तेव्हापासून. खरं तर आयुष्यातली सगळी घाई तिने त्या एका दिवशी उरकून टाकली असावी, कारण आता तिला एक पेला दूध प्यायला पाऊण तास लागतो आणि मोजे घालायचे तर एक आज आणि दुसरा जमलं तर उद्या.

लेक धडधाकट निघाली, पण टाचणीची धास्ती काही गेली नाही. त्या बावन्न दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण आधी पेटीकडे बघायचा आणि मग टाचणीकडे. "काही जड उचललं होतंस का गं?" "दगदग झाली असेल." डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की कधीकधी असं होतं, याला कारण सापडत नाही. टाचणीला ते पटलं नाही, कारण तिच्याकडे एक कारण होतं. आदल्या दिवशी अस्तराच्या कापडाचा गठ्ठा तिने सतरा पायऱ्या चढून वर नेला होता. ही गोष्ट तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती.

दुसऱ्या खेपेला तिला तिसाव्या आठवड्याची भीती वाटत होतीच. त्याहून जास्त भीती वाटत होती ती त्या आठवड्यात तिच्याकडे टक लावून बसणाऱ्या घराची. म्हणून तिने गणित मांडलं. खरा तिसावा येईल तेव्हा घराच्या मते तेविसावा चालू असेल, आणि तेविसाव्याला कोण डोळ्यांत तेल घालून बसतो? तो आठवडा ती एकटी काढेल. सदतिसावा पुरा झाला की बाळ पूर्ण दिवसांचं. मग खरं काय ते सांगायचं, थोडी बोलणी खायची आणि विषय संपवायचा.

निदान नवऱ्याला तरी विश्वासात घ्यायचं, असं कुणी म्हणेल. असं म्हणणाऱ्याने तो नवरा पाहिलेला नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मागच्या वेळी सहाव्या आठवड्यात सकाळी कळलं आणि संध्याकाळपर्यंत अकरा इमारतींत बातमी पसरली, कारण त्या दिवशी त्याच्याकडे अकरा लिफ्टची तपासणी होती. लिफ्टमध्ये माणसं कुठे जाणार, निमूट ऐकून घेतात बिचारी. शिवाय हॉस्पिटलच्या वासाने त्याला भोवळ यायची. घाईबाईच्या वेळी तो तीनदा आडवा झाला होता, त्यातला एकदा डॉक्टरांच्या अंगावर. त्यामुळे "तू कशाला येतोस तपासणीला, मी जाऊन येते" एवढं म्हणताच त्याचा चेहरा उजळला, आणि मग उजळला याची त्याला लाज वाटली.

तपासणीची सोय आयतीच होती. हॉस्पिटलच्या सिस्टर लोकांचे गणवेश दुकानात दुरुस्तीला यायचे आणि ते पोचवायला टाचणीच जायची. बाळंतपणाच्या विभागातल्या मोठ्या सिस्टरना हे नाटक मुळीच पसंत नव्हतं. "घरी सांग गं," त्या दर वेळी म्हणायच्या. "सांगते," टाचणी दर वेळी म्हणायची आणि त्यांच्या गणवेशाची कंबर न मागता दोन बोटं सैल करून द्यायची. त्यामुळे सिस्टरनीही फार ताणून धरलं नाही.

उरला प्रश्न पोटाचा. ते काही थापेला जुमानत नव्हतं. त्यावर टाचणीने अशी युक्ती काढली की तिचं तिलाच कौतुक वाटलं. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं एक मोठं ताग्यातलं कापड तिने बाजूला काढलं आणि दुपारी मास्तरीणबाई वर पडायला गेल्या की त्यातून झगे शिवले. एक-दोन नाही, पाच. पाचही सैलसर, पाचही हुबेहूब सारखे, फक्त प्रत्येक झगा आधीच्याहून थोडा रुंद. तीन-चार आठवड्यांनी एक झगा गुपचूप कपाटात तळाशी जायचा आणि त्याचा थोरला भाऊ अंगावर यायचा. बघणाऱ्याला वाटावं, बाई रोज तोच झगा घालतेय, म्हणजे पोट काही एवढं वाढलेलं दिसत नाही.

"तुझ्याकडे दुसरा झगा नाही का गं?" काजवाल्या मावशी एकदा म्हणाल्याच. "टेलरच्या घरात कपड्यांची एवढी बोंब? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"हाच बरा वाटतो अंगाला," टाचणी म्हणाली.

"वाटू दे की," मास्तरीणबाई कापडावर खडूची रेघ ओढता ओढता म्हणाल्या. "छान टिकलाय. नव्यासारखा दिसतो रोज." टाचणीने ते कौतुक समजून खिशात घातलं.

खरा तिसावा आठवडा आला तेव्हा घरात कमालीची शांतता होती. घाईबाई जन्माला आली तो गुरुवार होता, म्हणून टाचणीने याही गुरुवारची धास्ती घेतली होती. सकाळी उठून तिने पाय जमिनीवर ठेवले ते काचेवर ठेवावेत तसे. नवरा त्या दिवशी मित्रांबरोबर फुटबॉलची मॅच बघायला चालला होता. "चल की तूही," तो बूट बांधता बांधता म्हणाला. "तेविसावाच तर आहे. मजा येईल, ओरडायला मिळेल." टाचणी म्हणाली, तू माझ्या वाटचं ओरड. आणि तो खरोखर मन लावून ओरडून आला.

दुकानात मास्तरीणबाईंनी तिला मशीनवर बसूच दिलं नाही. पट्टा तुटलाय म्हणाल्या, नवा येईपर्यंत पडद्यांच्या दुमडी घाल. शिवाय स्वतःची खुर्ची ओढून तिच्या शेजारी आल्या, खिडकीचा उजेड तिथे बरा पडतो म्हणे, आणि दिवसभर एकच बाही शिवत आणि उसवत बसल्या. टाचणीला जरा अडचणच झाली. पोटात जरा कुठे ताण आला की तिला डोळे मिटून बसायचं असायचं, आणि शेजारी सासू बसलेली असताना ते करता येईना. पाच वाजले. सहा वाजले. पोटात बाळाने एक लाथ मारली, कूस बदलली आणि ते बहुधा झोपी गेलं. टाचणी वर न्हाणीघरात गेली, दार लावलं आणि नळ पूर्ण सोडून रडली. आनंदाने रडायलाही नळ सोडावा लागतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि मग ती आणखी थोडी रडली.

पुढचे सात आठवडे कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक, पण गेले. सदतिसावा संपायला दोन दिवस असताना मोठ्या सिस्टरनी पोटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता हवं तेव्हा येऊ दे. मी काय म्हणते, निदान आता तरी घरी सांग." टाचणी गणवेशांची रिकामी पिशवी हलवत, मनात वाक्यं जुळवत घरी आली. हसत हसत सांगायचं, सगळ्यांसमोर. दार उघडलं तर जिन्यात तिचा नवरा, कमरेला पट्टा, तोंडात पाना.

घराच्या मते तिसावा आठवडा चालू होता, हे ती आनंदात विसरूनच गेली होती.

लिफ्टवाल्याने महिन्याची रजा काढली होती आणि त्याला जे येतं ते केलं होतं. सतरा पायऱ्यांच्या त्या अरुंद जिन्यात त्याने रूळ ठोकले होते, वर कप्पी बसवली होती आणि तारेच्या दोराला दुकानातली हाताची खुर्ची बांधली होती. खुर्चीला पट्टा होता, ब्रेक होता आणि वर पोचल्यावर वाजणारी घंटाही होती. आधी पिठाची पोती वरखाली करून झाली होती. मग काजवाल्या मावशींना बसवून झालं होतं. त्या मध्यावर अडकल्या तेव्हा त्यांनी जिन्याच्या झरोक्यातून गल्लीतल्या तीन घरांत काय चाललंय ते पाहून घेतलं. घाईबाई दुपारपासून खुर्चीतून उतरायला तयार नव्हती, कारण ही एकच गोष्ट घरात तिच्या वेगाने चालत होती.

"आता तुला एक पायरी चढायची नाही," नवरा म्हणाला. "दहा आठवडे. बस."

टाचणी बसली. दुसरं काय करणार? तुरुतुरु चालत चार गल्ल्या ओलांडून आलेली, पूर्ण दिवस भरत आलेली बाई मिनिटाला दोन पायऱ्या या गतीने वर निघाली. नवरा शेजारून एकेक पायरी चढत होता, एक हात ब्रेकवर, दुसरा तिच्या खांद्यावर.  तिने वळून पाहिलं तर त्याच्या ओठांवर घाम होता आणि तो काहीतरी पुटपुटत होता. नीट ऐकल्यावर कळलं, तो पायऱ्या मोजत होता. वर घंटा वाजली तेव्हा त्याने इतका मोठा श्वास सोडला की टाचणीच्या घशातली सगळी वाक्यं खाली गेली.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसापासून फुल्या पडायला लागल्या. नवरा जेवेना. टाचणी शिंकली तरी तो उभा राहायचा. जी भीती कुणाच्या तोंडावर वाचायला नको म्हणून तिने सात आठवडे लपवले होते, ती आता तिला तिन्ही त्रिकाळ समोर बसून वाचावी लागत होती, आणि तीही फुकटची, कारण घाबरायचे दिवस केव्हाच होऊन गेले होते. आपण काय करून ठेवलं हे तिला तेव्हा कळलं. स्वतःची भीती तिने चोरून संपवली होती, आणि नवऱ्याला शिळी वाढली होती.

तिसऱ्या दिवशी नवरा खुर्चीचा एक बोल्ट आणायला बाहेर गेला तशी ती हळूच दुकानात उतरली आणि सवयीने ओठांत चार टाचण्या धरल्या. मास्तरीणबाई कोटाचं अस्तर बेतत होत्या.

"आई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांग."

"एकतिसावा आठवडा आहे ना..."

"एकतिसावा कुठला? अडतिसावा लागला सोमवारी," मास्तरीणबाई म्हणाल्या. कात्री थांबली नाही. "पुढे बोल."

टाचणीच्या ओठांतल्या टाचण्या जमिनीवर पडल्या. मास्तरीणबाईंनी त्या लोहचुंबकाने गोळा केल्या, डबीत टाकल्या आणि मगच तिच्याकडे पाहिलं.

"चाळीस वर्षं मी पोटुशी बायकांचे कपडे सैल करून देतेय. मला आठवडा चुकवतेस? मशीनच्या तेलाचा वास तुला कधीपासून सोसेना, ते माहीत नाही मला? आणि तो झगा! अगं, चोरीच करायची तर साध्या कापडावर करावी. चौकड्यांचं कापड कुणी घेतं का? पहिल्या झग्याला पुढच्या भागात चौदा चौकडे होते. महिन्याने झाले सोळा. मग अठरा. धुतल्यावर कापड आटतं, टाचणे. रुंद होत नाही."

"तुम्ही मोजलेत?"

"मोजायला काय लागतं? तू बाजूच्या शिवणीला चौकड्याला चौकडा असा जुळवून शिवलायस, की आंधळ्यालाही मोजता येईल. जरा वाकडं शिवलं असतंस तर मी फसले असते. पण वाकडं शिवायला मीच शिकवलं नाही."

खिडकीपाशी काजवाल्या मावशी सुई हवेत धरून बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावर राग होता, आणि तो खराखुरा होता. "माझ्या डोळ्यांदेखत सात आठवडे चोरीला गेले," त्या म्हणाल्या, "आणि मला पत्ता नाही? बाई, तुम्ही तरी बोलायचं होतंत!"

"तुला सांगायचं म्हणजे चौकात फलक लावायचा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग मला तरी का नाही बोललात?" टाचणीने विचारलं.  "त्या गुरुवारी मी... मला वाटलं मी एकटीच आहे."

"तू बोलत नव्हतीस म्हणून मी बोलले नाही. तुझी पद्धत तुला." मास्तरीणबाईंनी कात्री खाली ठेवली. "तुझ्या मशीनचा पट्टा मीच काढून ठेवला होता. तुटलाबिटला नव्हता. सहा वेळा उसवली ती बाही. शेवटी गिऱ्हाइकाला म्हटलं, बिनबाहीचाच घाल, उन्हाळा आहे." जरा थांबून त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तू मला टाळतेयस. त्या गठ्ठ्यावरून."

"कुठल्या गठ्ठ्यावरून?"

"अस्तराच्या. घाईबाईच्या आदल्या दिवशी. मीच म्हटलं होतं ना, तो वर ठेवायला हवा. सातव्या महिन्यातल्या पोरीसमोर असं बोलायचं असतं का? चार वर्षं माझ्या घशात अडकलाय तो गठ्ठा."

टाचणीने मान हलवली. "आई, तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. तुम्ही नुसतं बोलला होतात. मीच उचलला. चूक माझी."

"माझी."

"आई, उचलला कुणी? मी."

"सांगितलं कुणी?"

"अहो बाई, पण दारात आणून टाकला कुणी?" मावशी मध्येच म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "माणूस गाडीवरून उतरवून वर नेऊन देतो म्हणत होता. मीच म्हटलं, राहू दे इथेच. मला ती बातमी सांगायची घाई होती, कोपऱ्यावरच्या त्या दोघांची." सगळ्या गल्लीच्या भानगडी सांगणाऱ्या मावशींनी ही एक गोष्ट चार वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

तिघी एकमेकींकडे बघत उभ्या होत्या. तेवढ्यात दारात बोल्ट घेऊन लिफ्टवाला आला, आणि बायको चालत खाली आलेली पाहून पांढराफटक पडला. टाचणीने त्याला स्टुलावर बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तो बोटांवर मोजत राहिला. बोटं संपली, परत पहिल्यापासून मोजली.

"म्हणजे तिसावा होऊन गेला?"

"हो."

"त्या गुरुवारी मी मॅचला गेलो होतो."

"हो."

"बोंबलत होतो," तो म्हणाला आणि बोल्ट हातात फिरवत गप्प बसला. तो गप्प बसलेला टाचणीने फारसा पाहिला नव्हता, त्यामुळे तिला भीती वाटली.

"अरे, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तू सगळ्यांना सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं," तो म्हणाला. "पण आधी घाबरलो असतो. तुझ्याबरोबर. निदान अर्धं तरी."

 टाचणीने त्याचा हात धरला. "चुकलं माझं," ती म्हणाली.  मग त्याने नाक पुसलं.

"आणि गठ्ठ्याचं म्हणाल," तो म्हणाला, "तर तो सकाळी मी वर न्यायचा होता. आईने मला सांगितलं होतं. मी विसरलो."

"झालं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "चौथा आला." आणि मग आधी मावशी हसल्या, मग बाकीचे, आणि हसता हसता मास्तरीणबाईंना डोळ्यांना रुमाल लावावा लागला. मोठ्या सिस्टरना पुढे हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, की गठ्ठ्याचा आणि बाळ लवकर येण्याचा काडीचा संबंध नाही, डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, याला कारण सापडत नाही. पण तुम्ही चौघं त्या दोषासाठी भांडतच असाल तर आपसात वाटून घ्या.

संध्याकाळपर्यंत लिफ्टवाल्याने साऱ्या गल्लीला सांगितलं, की बायको एकतिसाव्यात नाही, अडतिसाव्यात आहे. लोकांना काही कळलं नाही, पण त्यांनी त्याचं अभिनंदन केलं.

त्यानंतरच्या शनिवारी, सकाळचं दूध घाईबाईच्या पेल्यात अजून अर्धं असतानाच, कळा सुरू झाल्या. टाचणीने खुर्चीत बसायला साफ नकार दिला आणि सतरा पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरली. घाईबाईला मावशींकडे ठेवलं. हॉस्पिटलमध्ये शिरताच नवऱ्याने भिंत शोधली आणि जमिनीवर बसून घेतलं. "पडण्यापेक्षा आधीच बसलेलं बरं," तो म्हणाला. मास्तरीणबाई त्याच्या शेजारी बसल्या, विणायला काहीतरी आणलं होतं ते उलटं धरून.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बाळ आलं. आल्या आल्या ते असं ओरडलं की बाहेर बसलेल्या बापाला आपल्याच मॅचची आठवण झाली असेल. तीन किलो शंभर. मोठ्या सिस्टरनी त्याला पुसलं, कापडात गुंडाळलं आणि टाचणीच्या छातीवर ठेवलं. टाचणीने त्याच्याकडे पाहिलं. नाक पाहिलं, दोन्ही कान पाहिले, मुठी पाहिल्या. मग तिने घाईघाईने त्याच्या कपाळाला ओठ लावले, त्याला दोन्ही हातांत उचललं आणि सिस्टरच्या पुढे धरलं.

"घ्या," ती म्हणाली.

"काय घ्या?" सिस्टर हातमोजे काढत होत्या.

"न्या आता. बघून झालं माझं. मी तयार आहे."

सिस्टर थांबल्या. टाचणीचे हात तसेच पुढे होते, आणि ती दाराकडे बघत होती, कुणी धावत येतंय का ते.

"कुठे नेऊ त्याला?" सिस्टर म्हणाल्या. एरवी दटावणाऱ्या बाईंचा आवाज अगदी खाली आला होता. "कुठेच न्यायचं नाहीये गं. कुणी येणार नाही. हात जवळ घे, दुखतील."

टाचणी आणखी थोडा वेळ दाराकडे बघत राहिली. दार बंदच होतं. मग तिने हात जवळ घेतले.